पडलीस कुठे, ते दाखव

“काकू, तुम्ही पडलात की उठताना दर वेळी लाथ मारता.”

एवढंच म्हणाला तो मुलगा. सूर अगदी साधा, रस्त्यात कुणी ‘ताई, स्टँड वर घ्या’ म्हणावं तसा. रविवारची दुपार होती, जुलैचा पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. कोथरूडला कर्वे पुतळ्याच्या अलीकडे एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे गेमिंग कॅफे आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्यात ओल्या छत्र्या आणि बूट, वर एसीचा गारठा आणि त्यात मिसळलेला ओल्या मोज्यांचा नि लसणीच्या चटणीचा वास. आम्ही दोघं टेकन आठ, म्हणजे दोन पात्रांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम, खेळत होतो. आधी दहा डाव जिंकेल तो जिंकला, असं ठरवून बसलो होतो. दहा-एक झालं. दहा त्याचे. असेल सतरा-अठराचा, क्लासची बॅग पायाशी ठेवलेली. शेवटचा डाव संपल्यावर त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला, माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडेच बघत हे वाक्य म्हटलं आणि बाटलीतलं पाणी प्यायला लागला. मी “हो का? बघते हं,” म्हणाले, रेनकोट घातला आणि निघाले.

वाक्य मात्र माझ्याबरोबर निघालं. नळ स्टॉपच्या सिग्नलला ते होतं, म्हात्रे पुलावर नदीचं गढूळ पाणी बघायला लोक गाड्या लावून उभे होते तिथंही होतं, रात्री कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी होतं. हरल्याचं दुःख नव्हतं. राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. मी मुद्रितशोधनाचं काम करते. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची प्रुफं गेली सोळा वर्षं वाचतेय. दुसऱ्याच्या हातून काय सुटलं ते बघणं हाच माझा रोजगार. चुकलेली वेलांटी मला पान उलटता उलटता दिसते. आणि एका सतरा वर्षांच्या मुलाला अकरा डावांत जे दिसलं, ते मला दीड वर्षात दिसलं नव्हतं. आमच्या कामात पहिल्याच आठवड्यात सांगतात, स्वतः लिहिलेल्याचं प्रूफ स्वतः वाचू नये. डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. नव्यानं कामाला लागलेल्या मुलींना हे मी कितीदा सांगितलं असेल. रात्री दहानंतर मी हातात कंट्रोलर घेऊन जे करते त्यालाही ते लागू असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

बघायला मी शिकले १९९९च्या उन्हाळ्यात. शनिपाराजवळच्या एका वाड्याच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथं कोळशाची वखार होती त्या खोलीत, एकानं चार टीव्ही आणि चार प्लेस्टेशन मांडली होती. तासाला वीस रुपये. टेकन तीन प्लेस्टेशनवर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्या खोलीत दुसरं काही कुणी लावतच नसे. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो रोज दुपारी तिथं जायचा. आत्या म्हणायची, “हिलाही ने बरोबर, घरी बसून काय करेल.” तो न्यायचा, पण कंट्रोलर माझ्या हाती यायचा नाही. तिथं दुसरी मुलगी नव्हती. हिला एकदा देऊ या असं कुणी म्हणत नसे आणि मागायचा धीर मला होत नसे. दाराजवळ एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, कोपऱ्यात मान अडकलेला टेबलफॅन खरखरत असे, आणि भिंतींना अजून कोळशाचा काळा रंग होता. पाठ टेकली की फ्रॉकला लागायचा. त्या स्टुलावर मी दोन महिने बसले. तेरा वर्षांची होते.

स्क्रीनइतकीच माणसं बघितली. एडी नावाचं पात्र घेऊन लाथांची दोन बटणं वाटेल तशी बडवणारी मुलं होती, ती पहिले चार दिवस सगळ्यांना हरवायची आणि पाचव्या दिवशी कुणीतरी त्यांना शांतपणे अडवून अडवून मारायचा. किंग हे कुस्तीगीर पात्र घेणारा एक कॉलेजचा मुलगा होता, तो पकडायला जाण्याआधी हमखास श्वास आत ओढायचा; मला त्याच्या खांद्यांवरून कळायचं. एकजण एक फेरी हरला की पुढच्या फेरीच्या सुरुवातीलाच धावत पुढे यायचा, जणू आधीच्या फेरीचा हिशेब चुकता करायचाय. हे सगळं मला दिसत होतं आणि त्याचा उपयोग काय, हे ठाऊक नव्हतं. मग एका संध्याकाळी घरी येताना मी दादाला म्हणाले, “तू हरायला लागलास ना, की नुसत्या लाथाच मारतोस.” मला वाटलं होतं तो खूष होईल. तो काही बोलला नाही. पेरूगेटपर्यंत आम्ही गप्प चाललो. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला, त्यानंतरच्या दिवशीही. आत्यानं विचारलं तर म्हणाला, तिला कंटाळा येतो तिथं. त्या सुट्टीत मी परत त्या खोलीत गेले नाही.

तेव्हापासून मी माणसांना असं काही सांगत नाही. कागदावर लाल पेनानं सांगते.

टेकन आठ २०२४च्या जानेवारीत आला. दिवाळीला म्हणून बाजूला ठेवलेले पैसे मी त्यात आणि यंत्रात घातले. स्टुलावर बसून जी घ्यावीशी वाटायची ती शाओयू घेतली; लहान चणीची, समोरच्याकडे पाठ फिरवून उभी राहणारी, भुईसरपट बसून वरचे ठोसे डोक्यावरून जाऊ देणारी. पहिल्या रात्री नवरा आणि मुलगी झोपल्यावर टीव्हीचा आवाज एकवर ठेवून मी तिला नुसतं मागे-पुढे चालवत होते आणि घसा दाटून आला होता. पंचवीस वर्षांनी माझा नंबर लागला होता. त्यानंतर जवळजवळ रोज खेळले. दीड-दोन तास. अनोळखी लोकांशी, डाव संपला की पुढचा, तो संपला की पुढचा. सुरुवातीच्या पायऱ्या भराभर चढले, गार्यू नावाच्या पायरीला पोचले आणि तिथंच राहिले. दोन जिंकायचे, तीन हरायचे. मला मनापासून वाटत होतं की मी सराव करतेय. घड्याळ तर तेच सांगत होतं.

आता मला वाटतं, तो सराव नव्हता. माझ्याकडे जे आधीपासून होतं तेच मी रोज पुन्हा घोटत होते, त्यात चुकाही आल्या, आणि चुका तर जास्तच पक्क्या झाल्या. लाथेचंच बघा. टेकनमध्ये पडलेल्या माणसाला बरंच काही करता येतं. जागच्या जागी उठून अडवायच्या तयारीत उभं राहता येतं, बाजूला लोळता येतं, मागे लोळता येतं, काही क्षण तसंच पडून राहता येतं, आणि उठता उठता लाथ मारता येते, मध्यावर किंवा पायात. लाथ बसली तर समोरच्याची चढाई मोडते. पण त्यानं ती अडवली, तर मारणारा इतका वेळ उघडा पडतो की मोठा फटका खाल्ल्याशिवाय सुटका नाही. खालच्या पायऱ्यांवर लाथ चालते, कारण तिथं प्रत्येकजण घाईत अंगावर येतो. मला ती चालली. चालली म्हणून परत मारली. वरच्या पायरीवर आले तेव्हा माणसं थांबायला शिकलेली होती, आणि माझा पाय मात्र वर जातच होता.

या खेळात सवयीला एवढं वजन का, ते वेगाकडे बघितल्यावर कळतं. स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात आणि सगळा हिशेब फ्रेममध्येच चालतो. सगळ्यात चपळ ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. माणसाला डोळ्यांनी काही दिसून बोट हलेपर्यंतच सेकंदाचा पाचवा-चौथा भाग जातो. म्हणजे ठोसा बघून अडवता येत नाही. येणार असं धरून आधीच अडवायला लागतं. काही फटके संथ असतात, ते बघून अडवता येतात आणि शिकायलाच हवेत. पण बाकी सगळा अंदाज. समोरचा काय करेल यावर दर क्षणी पैज लावायची. सवय म्हणजे आपल्याला न विचारता हातानं लावलेली पैज. ती समोरच्याला कळली की त्याला आता अंदाज करायची गरजच उरत नाही.

त्या रविवारनंतर तीन रात्री मी खेळलेच नाही. चौथ्या रात्री ‘सुपर घोस्ट बॅटल’ उघडलं. टेकन आठमध्ये ही सोय आहे: तुम्ही कसे खेळता ते बघून यंत्र तुमचं एक भूत तयार करतं, आणि त्या भुताशी तुम्हाला लढता येतं. मी तोवर तिकडे फिरकले नव्हते, लहान मुलांची गंमत असेल असं वाटून. समोर शाओयू, मीही शाओयू. तिनं सुरुवातीला मागे दोन उड्या घेतल्या. मीही त्याच घेतल्या होत्या. मग ती खाली बसली, मी तिला पाडलं, आणि नुसती अडवून उभी राहिले.

तिनं लाथ मारली.

परत पाडलं, परत मारली. पाचव्यांदा पाडलं तेव्हा मी खोलीत एकटीच असून “नको ना” असं मोठ्यानं म्हणाले. बाहेर रातकिडे ओरडत होते, फ्रिज मधेच घुर्र करून थांबला. मी त्या भुताला तीन-शून्यनं हरवलं आणि इतकी उदास झाले की टीव्ही बंद केल्यावरही सोफ्यावरून उठवेना. तिचा रागही येत नव्हता. ती घाबरलेली दिसत होती. खाली पडलेलं सहनच होत नाही, कसंही करून आधी काहीतरी करायचं, असं तिचं चाललं होतं. मला ती ओळखीची वाटली, आणि ते नेमकं कुठून, हे मी त्या रात्री खणत बसले नाही.

आठवले ते आजोबा. आईचे वडील. शुक्रवार पेठेत वाढले, पोरवयात तालमीत जायचे. मोठे पैलवान वगैरे नव्हते, पण ती चार वर्षं त्यांनी जन्मभर सांगितली. पहाटेचा अंधार, तेल, ताक नि हळद घालून मळलेली लाल माती, जोर-बैठका झाल्यावर अंगाची निघणारी वाफ. त्यांच्या वस्तादांची एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. जोड लागली, कुणी चीत झाला, की वस्ताद हरलेल्याला जवळ बोलवायचे आणि विचारायचे, “पडलास कुठे, ते दाखव.” पोरगा सांगायला लागायचा, दम लागला होता, माती ओली होती, तो वजनानं जास्त आहे. वस्ताद ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. “का ते नको. कुठे, ते दाखव.” मग दोघांना परत हौद्यात उभं करायचे आणि डाव अगदी सावकाश, पाण्यात चालल्यासारखा, पुन्हा खेळायला लावायचे. इथं माझा हात त्याच्या मानेवर होता. इथं त्यानं पट काढायला हात घातला. इथं माझा उजवा पाय पुढे राहिला. “हां,” वस्ताद म्हणायचे, “इथं पडलास. पाठ टेकली ती नंतर.” पुढचे आठ दिवस त्या पोराला फक्त तो पाय मागे घ्यायला लावायचे, शंभरदा, दोनशेदा, समोर जोड असो वा नसो.

मी हरले की जे स्वतःशी बोलायचे ते सगळं ‘का’चं असायचं. नेट अडकलं, याचं पात्र फारच बळकट आहे, आज प्रुफं जास्त होती, डोळे थकलेत. त्यातलं काही खरंही असेल. पण ‘का’ला उत्तरं हवी तितकी मिळतात आणि कुठलंच धरून उद्या सकाळी काही करता येत नाही. ‘कुठे’ला एकच जागा असते.

मग मी आधीच्या महिन्यातल्या वीस हरलेल्या डावांच्या चित्रफिती बघायला घेतल्या. वही घेऊन, कामाच्या टेबलावर बसल्यासारखी. पहिल्यांदा जमलं नाही, डोळा आपोआप समोरच्याकडे जात होता. तो किती छान खेळला, त्यानं काय केलं. प्रूफ वाचताना आम्ही एक करतो, मजकुराच्या ओघात वाहून जायला लागलं की शेवटच्या ओळीपासून उलटं वाचतो, म्हणजे अर्थ सुटतो आणि अक्षरं दिसतात. तसंच केलं. शेवटची फेरी आधी, तीही फक्त माझ्या शाओयूकडे बघत. आयुष्याची पट्टी, म्हणजे पात्राचं उरलेलं बळ दाखवणारी, जिथं निम्म्याहून खाली गेली तिथं थांबायचं आणि मागे सरकायचं. वीसपैकी तेरा डावांत मोठा फटका लाथेनंतर बसला होता. वहीत मी तेरा उभ्या रेघा काढल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

सराव सुरू केला तो न उठण्याचा. खेळात सरावाची खोली असते, तिथं समोरच्या बाहुल्याला आपण शिकवू तसा तो वागतो. मी त्याला तीन गोष्टी शिकवल्या: एकदा मला पाडून नुसतं अडवून उभं राहायचं, एकदा पाडून पडलेलीला खालून मारायचं, एकदा पाडून धावत येऊन मध्यावर फटका द्यायचा. मग त्या तिन्ही उलटसुलट लावायला सांगितल्या, म्हणजे कुठली येईल ते मलाही ठाऊक नसे. माझं काम एवढंच की लाथ मारायची नाही. बाकी काहीही चालेल. उभी राहा, लोळ, पडून राहा. सांगायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत मी किती वेळा मारली ते मोजलं नाही, पण अंगठा माझ्या आधी निघत होता. ‘नको’ म्हणेपर्यंत पाय वर. शेवटी अंगठा बटणावरून उचलून कंट्रोलरच्या कडेवर ठेवायला लागले, पडले की अंगठा कडेवर. आठव्या-नवव्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की मी पडले आणि आत शांत होतं. बाहुला उभा, मी आडवी, आणि मला तो दिसत होता. तो काय करतोय ते दिसत होतं! इतके महिने त्या क्षणात मला फक्त माझी घाई दिसायची.

खऱ्या डावांत मात्र हरायला लागले, आधीपेक्षा जास्त. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ते सगळ्यांत अवघड गेलं. जुनी सवय वाईट असली तरी कधीमधी वाचवायची. ती काढून टाकली आणि जागी नवं काही अजून बसलेलं नाही, त्या मधल्या दिवसांत माणूस उघडाच असतो. गुण घसरत होते. रोज रात्री मोह व्हायचा, आज एकदाच मारते, आज जिंकू या. वहीत मी डावांचा निकाल लिहिणंच बंद केलं. लिहायचं ते एकच, आज पडले किती वेळा आणि त्यातल्या किती वेळा मारली नाही. पाच डाव हरून, बावीसपैकी एकोणीस वेळा न मारता झोपायला गेले त्या रात्री मला छान वाटत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका वेळी एकच गोष्ट हा नियमही मी कामावरूनच आणला. प्रुफाची एक फेरी फक्त ऱ्हस्व-दीर्घाची, एक फक्त आकड्यांची, एक फक्त विरामचिन्हांची. सगळं एकदम बघायला गेलं की सगळंच निसटतं. लाथेचा महिना झाल्यावर पकड सोडवण्याचा धरला. किंगसारखे पकडणारे आले की मी नुसती बघत राहायचे. पकडायला येणाऱ्याच्या हातांकडे बघायचं असतं: डावा हात पुढे आला तर डाव्या ठोशाचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही, आणि वेळ अगदी थोडा. तिन्ही पकडी बाहुल्याला शिकवून उलटसुलट लावल्या आणि रोज दहा मिनिटं फक्त हात बघितले. मग पाच पात्रांची यादी केली, जी मला जास्त भेटतात त्यांची, आणि त्यांचे कुठले फटके अडवल्यावर ते उघडे पडतात ते वहीत लिहिलं. बहुतेकदा दहा फ्रेम उघडा पडला तर ठोसा, पंधरा पडला तर हवेत उडवणारा फटका. शंभर फटके पाठ करत बसले नाही. प्रत्येकाचे चार, पण ते झोपेत ओळखता येतील इतके. कॉम्बो, म्हणजे हवेत उडवल्यावरची फटक्यांची माळ, एकच ठेवली, आणि ती दोन्ही बाजूंनी. हे आधी लक्षातच आलं नव्हतं: स्क्रीनच्या उजवीकडे उभं राहिलं की सगळ्या दिशा उलट्या होतात आणि डावीकडे जमणारं उजवीकडे जमत नाही. सलग दहा वेळा या बाजूनं, सलग दहा वेळा त्या बाजूनं. नवव्याला चुकलं की पुन्हा एकपासून. एका रात्री काही केल्या होत नसेल तर सोडून झोपायचं. कितीदा असं झालंय की सकाळी चहा ठेवून दोन मिनिटं हात लावला आणि ते झालं. डोकं तापल्यावर खेळलेला एकही डाव माझ्या उपयोगी पडलेला नाही. सलग दोन हरल्यावर जबडा आवळला गेलाय असं जाणवलं की बंद. ‘अजून एकच’ म्हणून बसले तर मनगट दुसऱ्या दिवशी पेन धरू देत नाही, आणि पोट त्या पेनावर आहे.

याच महिन्यांत मोठ्या खेळाडूंचे डाव नव्या डोळ्यांनी बघितले. लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशला २०१९मध्ये बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्या वर्षी त्यानं आधी जपानमधली आणि मग लास व्हेगासची इव्हो, म्हणजे अशा मारामारीच्या खेळांची मोठी स्पर्धा, जिंकली. आणि जिंकून सांगितलं काय, तर आमच्याकडे असे अजून खूप आहेत. कोरियाचा बे जे-मिन, जो ‘नी’ या नावानं खेळतो आणि टेकनच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी आहे, तो नंतर पाकिस्तानात जाऊन त्या मुलांशी खेळला. मला या गोष्टीचा फार लोभ आहे. मोठी बक्षिसं नव्हती, मोठ्या कंपन्या नव्हत्या. होती ती एकमेकांच्या सवयी ओळखणारी, एकमेकांना रोज पाडणारी मुलं. शनिपारच्या खोलीतही तेच होतं, फक्त आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो. अर्सलानचे डाव बघताना त्याचे फटके डोळ्यांत भरतात, पण मी आता तो काय करत नाही ते बघते. समोरच्याच्या हातापासून वीतभर लांब उभा राहतो आणि समोरचा चुकण्याची वाट बघतो. पडला तर पडून राहतो. दुसरं नाव किम ग्वान-वूचं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३मध्ये, स्ट्रीट फायटर पाच या अशाच मारामारीच्या खेळाचं सुवर्णपदक त्यानं जिंकलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. मी एकोणचाळीस. पदकाशी माझा काही संबंध नाही, पण बोटं मंद झाली असं म्हणायची वेळ आली की मी तो आकडा आठवते, आणि पुन्हा वहीकडे वळते.

गणपती झाले, नवरात्र आलं. पाऊस परतीचा होता, संध्याकाळी अचानक कोसळायचा. त्या रविवारी मी परत कॅफेत गेले. तो मुलगा होता. मला बघून त्यानं शेजारची बॅग उचलून जागा केली. पुन्हा दहाचंच ठरलं.

पहिल्याच फेरीत त्यानं मला पाडलं. पाडून अर्धं पाऊल मागे झाला आणि अडवून उभा राहिला. वाट बघत होता. मी अंगठा कडेवर ठेवला. स्क्रीनवर काहीच घडत नव्हतं. तो उभा, मी आडवी, घड्याळ उलटं चाललेलं, मागे कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडलं. एवढासा वेळ, पण मला तो लांबलचक वाटला. त्याचा अडवणारा पवित्रा जरासा सुटला, तो पुढे यायला निघाला, आणि मी बाजूला लोळून उठले. त्याचा फटका हवेत गेला. माझा लागला. तो “अरे” म्हणाला, स्वतःशीच.

दहा-चार झालं. दहा त्याचेच. सहाव्या-सातव्या डावानंतर तो माझ्या उठण्याच्या नव्या तऱ्हाही ओळखायला लागला होता, हे मला दिसत होतं. कंट्रोलर मांडीवर ठेवून तो म्हणाला, “आता नाही मारत.” मी म्हणाले, “नाही मारत.” मग तो पाणी प्यायला आणि बाटलीचं झाकण लावता लावता, तसाच स्क्रीनकडे बघत, म्हणाला, “काकू, माझं काही दिसतं का तुम्हाला?”

दिसत होतं. जुलैमध्येही दिसलं होतं, दुसऱ्याच डावात. माझ्या डोळ्यांसमोर पेरूगेटचा रस्ता आला, शेजारून गप्प चालणारा दादा, त्याच्या चपलांचा आवाज. काही नाही रे, छान खेळतोस, असं म्हणून उठणं सहज जमलं असतं. खिडकीवर पावसाचे थेंब आडवे घसरत होते. खाली झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं ओढलं, त्याचा खडखडाट वर आला.

“तुझी पट्टी अगदी थोडी उरली ना,” मी म्हणाले, “की तू पकडायला येतोस. दर वेळी.”

त्याचे कान लाल झाले. तो काही बोलला नाही. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. समोर पात्रं निवडायचा पडदा परत आला होता आणि शाओयू तिथं जागच्या जागी उड्या मारत होती.

“कुठल्या हातानं?” त्यानं विचारलं.

“डाव्या.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि लिहून घेतलं.